समेवर न वाजवलेला सूर

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे ऐकणाऱ्यांचं लक्ष सहसा जात नाही. गाणं संपल्यावर लोक गायिकेची आठवण काढतात, गिटारच्या सोलोची काढतात, फार तर ड्रमरची. बेसने काय केलं हे त्यांना सांगता येत नाही. पण बेस मध्येच थांबला, तर काहीतरी गेलं हे सभागृहातल्या प्रत्येकाला जाणवतं. मी कॉलेजपासून हे वाद्य वाजवते आहे. पुण्यातल्या एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये, मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, गणपती आणि नवरात्रात ऑर्केस्ट्रात. या सगळ्यातून थोडं बाजूला होऊन स्वतःच्या नावाचा एक अल्बम केला. त्या अल्बमने या वाद्याबद्दल जे शिकवलं, ते आधीच्या सगळ्या वर्षांत मला कळलं नव्हतं. हल्ली तरुण बेसिस्ट विचारतात, "ताई, बँड चालू असताना स्वतःचं काही करावं का?" त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगते, ते इथे सलग लिहिते आहे.

आधी या वाद्याची ताकद कशात आहे ते सांगायला हवं. एका चित्रपटगीताच्या रेकॉर्डिंगला कीबोर्डवर सा-ग-प धरलेला होता आणि गायिकेचा स्वर गंधारावर थांबत होता. मी खाली षड्ज देत होते. संगीतकारांनी टॉकबॅकवरून विचारलं, "सा ऐवजी खालचा धैवत देऊन बघता का?" मी दिला. वरचं काहीच बदललं नव्हतं. गायिका तोच गंधार गात होती, कीबोर्डवरची बोटं हलली नव्हती. तरी ती ओळ एकदम उदास झाली. मग त्यांनी मध्यम द्यायला सांगितलं, तेव्हा तीच ओळ अधांतरी, कशाची तरी वाट पाहणारी वाटू लागली. शेवटी धैवत ठेवला. त्या दुपारी मला पक्कं कळलं, की वरच्या सुरांचा अर्थ खालचा सूर ठरवतो. जो ठरवतो तो कोणाला दिसत नाही, एवढंच.

स्वतःचं काही करण्याची ओढ मुंबईच्या स्टुडिओ वादकांना नवी नाही. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हिंदी चित्रपटसृष्टीतले व्हायोलिनवादक आणि अरेंजर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी नोटेशन लिहिणाऱ्या या माणसाने 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. अँथनी गोन्साल्विस हे नाव ज्या प्रसिद्ध चित्रपटगीतात येतं, ते यांच्यावरूनच आलं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूंची आठवण त्या गाण्यात ठेवली. लोकांना गाणं माहीत असतं, 1958 ची ती संध्याकाळ फार थोड्यांना. माझ्यासारख्या पगारी वादकांना मात्र ती संध्याकाळ आधाराची वाटते. रोजीचं काम आणि स्वतःचं काम एकाच हातांनी करता येतं, हे तिने दाखवून दिलं आहे.

आमच्या बँडचं काम याहून वेगळं. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये एकेक रचना दहा-बारा मिनिटांची, मध्येच लय बदलणारी, पाचाच्या, साताच्या, अकराच्या हिशोबाने चालणारी. अशी रचना एकाच्या डोक्यातून पूर्ण उतरत नाही. जॅमरूममध्ये कोणी एक तुकडा आणतो, दुसरा त्याला उलटवतो, तिसरा म्हणतो, "हे नको." आमचा कीबोर्डवाला 'नको' म्हणण्यात सर्वात पुढे. मी साताच्या हिशोबातली एक संथ चाल आणली होती. तिची लांबी, तिचं खालच्या सप्तकातच घुटमळणं, सगळं मला प्रिय होतं. त्याने दोनदा ऐकली आणि म्हणाला, "अगं, चाल सुंदर आहे, पण यात आम्हा बाकीच्यांना काम काय?" राग आला. तो बरेच दिवस टिकला. त्याचं म्हणणं खरं होतं हे कळत असल्यामुळे जरा जास्तच टिकला. चाल वहीत पडून राहिली.

तेव्हा आधार वाटला एका जुन्या अल्बमचा. क्रिस स्क्वायरचा 'फिश आउट ऑफ वॉटर' एका ज्येष्ठ गिटारिस्टने मला विद्यार्थिदशेतच कॅसेटवर उतरवून दिला होता. स्क्वायर हा इंग्लंडच्या 'येस' या बँडचा बेसिस्ट आणि संस्थापकांपैकी एक. 2015 मध्ये तो गेला. तोवरच्या येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर वाजवलेला तो एकटाच सदस्य. 1975 मध्ये बँडने थोडी विश्रांती घेतली आणि पाचही जणांनी आपापले अल्बम करायचं ठरवलं. स्क्वायरचा त्याच वर्षी आला. आंघोळीला तासन्‌तास लावण्यावरून मित्रांनी त्याला 'फिश' म्हणायला सुरुवात केली होती, त्यावरूनच त्याने अल्बमचं नाव ठेवलं. त्यात पाचच रचना आहेत आणि शेवटची जवळपास पंधरा मिनिटांची आहे.

विद्यार्थिदशेत तो अल्बम मी बेससाठी ऐकत असे. रिकनबॅकर बेसच्या दोन पिकअपचे आवाज वेगळे काढून एक स्वच्छ आणि खोल ठेवायचा, दुसरा अॅम्पमधून थोडा फाडायचा, ही त्याची रीत. त्यामुळे बेस तळाशी राहूनही गिटारसारखा पुढे येतो. मोठी झाल्यावर तोच अल्बम पुन्हा ऐकला, तेव्हा कान दुसरीकडे गेला. त्यात लीड गिटार जवळजवळ नाहीच. रॉकच्या अल्बममध्ये जी जागा आपसूक गिटारची असते, ती त्याने रिकामी केली आणि तिथे बेस, वाद्यवृंद, सॅक्सोफोन, बासरी, ऑर्गन यांना येऊ दिलं. बेसिस्टच्या अल्बममध्ये सगळ्यात मोठा निर्णय काय वाजवायचं हा नसून काय घ्यायचं नाही हा होता.

दुसरी गोष्ट माणसांची. वाद्यवृंदाची मांडणी अँड्र्यू प्राइस जॅकमनची. येसच्या आधी 'द सिन' नावाच्या बँडमध्ये दोघं एकत्र वाजवत. ड्रमवर बिल ब्रुफर्ड, जो 1972 मध्येच येस सोडून गेला होता. कीबोर्डवर येसचाच पॅट्रिक मोराझ. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा ऑर्गन वाजवला बॅरी रोज यांनी. स्क्वायर लहानपणी चर्चच्या समूहात गात असे, तेव्हाचे हे त्याचे गुरू. अल्बमवर नाव एकाचं आहे, पण त्यात त्याची शाळा, त्याचा जुना बँड, सोडून गेलेला सहकारी आणि चालू बँड असे सगळे हजर आहेत. एकट्याचा अल्बम म्हणजे कोणाला बोलवायचं हे एकट्याने ठरवणं, हे मला त्यातून उमगलं. उमगलं खरं, पण हातात उतरायला वेळ लागला.

माझ्या बाबतीत वेळ आणली परिस्थितीने. आमचा गिटारिस्ट नोकरीसाठी जर्मनीला गेला. बँड मोडला नाही, पण थांबला. तालमी नाहीत, कार्यक्रम नाहीत, पुढच्या वर्षी बघू एवढंच. अशा वेळी मनात अपराधी भावना येते. बँड थांबलेला असताना आपण पुढे गेलो, तर थांबलेल्यांना काय वाटेल? कॅनडाच्या 'रश' या बँडचा बेसिस्ट गेडी ली याचं उदाहरण तेव्हा माझ्यासमोर होतं. त्यांच्या ड्रमरची, नील पेअर्टची, मुलगी 1997 मध्ये अपघातात गेली आणि पुढच्याच वर्षी पत्नीही गेली. रश थांबला. परत उभा राहील की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या काळात गेडी लीने मित्र बेन मिंकबरोबर गाणी लिहिली आणि 2000 साली 'माय फेव्हरिट हेडेक' हा त्याचा अल्बम आला. 2002 मध्ये रशही नव्या अल्बमसह परतला. आमचं दुःख त्या दुःखाच्या जवळपासही नव्हतं. तरी एक गोष्ट माझ्या कामाची होती. थांबलेल्या बँडशी निष्ठा राखायची म्हणजे हात बांधून बसायचं असं नाही. वाद्य हातात जिवंत ठेवणं हीसुद्धा निष्ठाच.

मी बँडमधल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. ड्रमर खुश झाला. गिटारिस्टने व्हिडिओ कॉलवर अभिनंदन केलं, पण मग बराच वेळ तो दुसऱ्याच विषयांवर बोलत राहिला. त्याला काय वाटत होतं ते मला कळत होतं. हे संभाषण टाळता येत नाही आणि टाळूही नये. बातमी दुसऱ्याकडून कळली तर ती वेगळी होते.

मग काम सुरू झालं आणि एक अनपेक्षित अडचण आली. घरच्या खोलीत रात्री बेस थेट कॉम्प्युटरवर घ्यायचा, त्यावर दुसरा थर, मग फ्रेटलेस बेसचा तिसरा, मग तारांवर टॅप करून वाजवलेले वरचे सूर. सगळं सुचत होतं आणि सगळं राहत होतं. 'नको' म्हणायला कोणीच नव्हतं. बँडमध्ये ज्या नकाराचा मला राग यायचा, तो नसला की रचना आकार घेत नाही हे दिसू लागलं. चालीला कड असायला काहीतरी तिच्यावर रेलावं लागतं. चार माणसांच्या भांडणातून ती कड फुकट मिळत होती. आता ती मला स्वतः तयार करायची होती.

वळण आलं ते एका तबल्याच्या गुरुजींमुळे. वहीतली ती साताची चाल मी अल्बमसाठी उघडली होती. ताल साताचा असल्यामुळे ड्रमऐवजी तबला घेऊन बघावा असं वाटलं, म्हणून गुरुजींकडे गेले. मी मोबाइलवर चाल ऐकवली. त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "सात मात्रा आहेत, हे खरं. पण अगं, तू प्रत्येक समेवर एवढा जोर का देतेस?" मी म्हटलं, सम आहे म्हणून. त्यांनी तबला पुढे घेतला आणि रूपक धरला. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. मला म्हणाले, "डग्गा ऐक." मी ऐकला. रूपकात समेवरच खाली असते. आवर्तन जिथे सुरू होतं, तिथे डग्गा घुमत नाही. तो घुमतो चौथ्या मात्रेवर आणि मग सहाव्या. सर्वात महत्त्वाच्या जागी खालचा सूर गप्प असतो, आणि गप्प असल्यामुळेच ती जागा सगळ्यांना कळते.

रूपक मी लहानपणापासून ऐकत आले होते. मराठी घरात भावगीतं आणि नाट्यगीतं ऐकत वाढलेल्या कोणाच्याही कानात तो असतो. स्क्वायरच्या अल्बममधली 'लकी सेव्हन' ही साताच्या हिशोबातली रचनाही मी असंख्य वेळा वाजवून बघितली होती. पण त्या दिवशी हे दोन्ही माझ्या हातात एकत्र आले. घरी येऊन मी त्या चालीतला समेवरचा प्रत्येक सूर काढून टाकला. बेस चौथ्या मात्रेवर येऊ लागला. पहिल्या तीन मात्रांत नुसता तबल्याचा चाट आणि पियानोचे दोन सूर. चाल एकदम श्वास घेऊ लागली. बेसिस्टच्या अल्बममधली पहिली रचना बेसशिवाय सुरू होते, हा निर्णय घेताना क्षणभर धाकधूक वाटली. मग ती गेली, कारण कान सांगत होता की हे बरोबर आहे.

त्यानंतर अल्बमचं काम म्हणजे मुख्यतः काढून टाकण्याचं काम झालं. प्रत्येक थराला मी एकच प्रश्न विचारू लागले: तू गेलास तर कोणाला कळेल? ज्याचं उत्तर 'कोणालाच नाही' आलं, तो गेला. उरलं त्याला जागा मिळाली.

आणि मी कीबोर्डवाल्याला फोन केला. ज्याने ती चाल नाकारली होती, त्यालाच. म्हटलं, "ये आणि नको म्हण." तो आला. अल्बमच्या तीन रचनांत पियानो त्याचा आहे, पण त्याचं खरं काम वाजवण्यापलीकडचं होतं. शेजारी बसून तो एकेक भाग ऐकायचा आणि स्पष्ट बोलायचा. बँडमध्ये त्याचा नकार बँडसाठी असायचा, इथे तो माझ्या चालीसाठी होता. तोच माणूस, तोच स्वभाव, पण बाजू बदलली होती. स्क्वायरने जॅकमनला का बोलावलं असेल, याचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं. ज्याला आपली सुरुवात माहीत आहे, त्याच्यासमोर नाटक चालत नाही.

मिक्सिंगच्या वेळी आणखी एक धडा मिळाला, जरा तांत्रिक, पण बेसिस्टच्या फार उपयोगाचा. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा. मोबाइलच्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. आज बरेच लोक गाणं तिथेच ऐकतात. मग बेस ऐकू येतो कसा? त्या सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर निघतात. मूळ सूर नसला तरी उपस्वरांवरून कान तो मनात पुरा करतो. म्हणून थोडा फाटलेला, खरखरीत आवाज मिसळला तर छोट्या स्पीकरवरही बेस जाणवतो. स्क्वायर अॅम्पमधून जो आवाज फाडत असे, त्याचं हे शास्त्र मला मिक्सिंगच्या खोलीत कळलं. आमच्या इंजिनियरने एक स्वच्छ आणि एक खरखरीत असे दोन मार्ग वेगळे ठेवले आणि रिक्षात बसून मोबाइलवर ऐकलं तरी चौथ्या मात्रेवरचा तो पहिला सूर पोचेल अशी काळजी घेतली.

पैशांबद्दलही सांगते, कारण विचारणारे तेही विचारतात. अल्बमने खर्च भरून काढला नाही. तबल्याचं रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग हा सगळा खर्च सिनेमाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या कामातून आला. लग्नसराईतल्या संगीत संध्यांनी या अल्बमला हातभार लावला आणि मला त्या कामाचा नवा आदर वाटू लागला. ऐकणारे थोडे मिळाले, पण त्यांनी पत्रं लिहावीत तसे लांब निरोप लिहिले. एका तरुण मुलीने विचारलं, पहिल्या तीन मात्रांत बेस का नाही? तिला तो नसल्याचं कळलं, याचा आनंद फार मोठा होता.

गिटारिस्ट सुट्टीत परत आला तेव्हा बँड पुन्हा तालमीला बसला. मी बदलले होते आणि ते सगळ्यांना पहिल्याच तालमीत जाणवलं. मी कमी वाजवत होते, पण कुठे वाजवायचं याबद्दल ठाम बोलत होते. आधी मी माझ्या कल्पना वाचवायला भांडत असे. आता कोणती कल्पना बँडची आणि कोणती माझी, हे मला स्वतःलाच ओळखू येत होतं, त्यामुळे नकार लागेनासा झाला. नाकारलेल्या चालीला दुसरं घर आहे, हे एकदा माहीत झालं की बँडमध्ये मोकळं बसता येतं. येसमध्येही असंच काही घडलं असावं असं मला वाटतं. 1977 च्या 'गोइंग फॉर द वन'वर स्क्वायरची 'पॅरलल्स' ही रचना आहे आणि तिच्यात चर्चचा ऑर्गन दणक्यात वाजतो. स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावच्या चर्चमध्ये येसचा कीबोर्डवादक रिक वेकमन तो वाजवत होता आणि आवाज टेलिफोनच्या तारेवरून स्टुडिओत पोचवला जात होता. स्वतःच्या अल्बममध्ये स्क्वायरने ज्या वाद्याला बोलावलं, तेच पुढे बँडच्या अल्बममध्येही त्याच्या रचनेत आलं.

म्हणून तरुण बेसिस्टांना माझं सांगणं हे, की अल्बम जरूर करा. बँडवर रुसून करू नका, बँडला सांगून करा. आपण किती वाजवू शकतो हे दाखवण्यासाठी करू नका; ते एका कार्यक्रमात दाखवता येतं. पहिली नोंद वहीत ही लिहा, की या अल्बममध्ये काय असणार नाही. मग ज्याने तुमची चाल कधीतरी नाकारली, त्याला फोन करा आणि त्याच्याशेजारी बसून ती ऐका. अल्बम झाला की पुढच्या तालमीला वेळेवर पोचा, कारण तिथे जो खालचा सूर तुम्ही द्याल, तो आता विचार करून दिलेला असेल, आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या चार माणसांना त्याचा फरक लगेच कळेल.